सरकारी अनुदान आणि नगराचा संसार

नगर म्हणजे एक मोठें एकत्र कुटुंब, ही उपमा आपण सभासमारंभांत वारंवार ऐकतों. परंतु ती हिशेबाच्या वहीपर्यंत नेऊन पाहण्याची तसदी फारसें कोणी घेत नाहीं. ज्या घरांत दहा-पंधरा माणसांचा राबता असतो, तेथील वडीलधाऱ्यांस एक गोष्ट पक्की ठाऊक असते. घरांत पैसा दोन वाटांनीं येतो. एक वाट नित्याची. तींतून धान्य, दूध, मुलांच्या फिया व औषधपाणी भागतें. दुसरी वाट प्रसंगाची. परगांवच्या मुलानें एकदम रक्कम पाठविली, किंवा जमिनीचा मोबदला हातीं आला, म्हणजे घरावर माडी चढते, नाहीं तर विहिरीवर पंप बसतो. माडी चढविणें सोपें. तिची गळती दर पावसाळ्यापूर्वीं काढणें मात्र नित्याच्या मिळकतींतूनच व्हावें लागतें, आणि तेथेंच घराची परीक्षा होते.

सरकारी अनुदानांतून शहरें सुधारण्याचा जो प्रचंड उद्योग गेल्या वीस वर्षांत आपल्या देशांत झाला, त्याकडे ह्याच गृहस्थी दृष्टीनें पाहावें असें आम्हांस वाटतें. ‘स्मार्ट सिटी’ हा शब्द आतां घरोघर पोंचला आहे. पुण्यास किंवा हैदराबादेस नोकरीनिमित्त राहणारीं मुलें सुटींत घरीं आलीं म्हणजे ‘आपल्या गांवाचें असें कधीं होणार?’ म्हणून विचारतात. हा प्रश्न हंसण्यावारी नेण्यासारखा नाहीं. त्याचें उत्तर शोधण्यासाठीं आम्ही मोठें शहर न घेतां मराठवाड्यांतील एक लहान तालुक्याचें गांव घेतों. तें म्हणजे नांदेड जिल्ह्यांतील भोकर.

भोकराचें लोणचें आपल्या घरांत नवें नाहीं. त्याच फळाच्या नांवाचें हें गांव नांदेडच्या पूर्वेस पन्नासएक किलोमीटरांवर, तेलंगणाच्या सीमेच्या अलीकडे वसलें आहे. मुदखेडहून आदिलाबादेस जाणारा लोहमार्ग येथून जातो. नांदेडहून भैंसा व निर्मळ या बाजूस जाणारा राष्ट्रीय महामार्ग येथूनच पुढें सरकतो, आणि हिमायतनगर-किनवटाकडची वाटही येथेंच फुटते. तालुक्यांत रेणापूर येथें सुधा प्रकल्पाचा जलाशय आहे. शेतकऱ्याचा बाजार, तालुक्याची कचेरी, शाळा-महाविद्यालयें आणि नगरपरिषद, असा ह्या गांवाचा संसार. महाराष्ट्रांत अशीं गांवें शेंकड्यांनीं आहेत. म्हणूनच भोकरचा विचार केला असतां त्या सर्वांचा विचार केल्यासारखें होतें.

एका दिवशीं तीन योजना

2015 च्या जून महिन्याच्या 25 तारखेस केंद्र सरकारनें एकाच दिवशीं तीन नागरी योजनांचा आरंभ केला. पहिली स्मार्ट सिटी अभियान. दुसरी ‘अमृत’ नांवाची, पाणीपुरवठा व मलनिःसारण यांसाठीं. आणि तिसरी पंतप्रधान आवास योजना, घरांसाठीं. पहिलींत 100 शहरें घ्यावयाचीं होतीं, व केंद्रानें पांच वर्षांत 48,000 कोटी रुपये द्यावयाचे होते. म्हणजे सरासरीनें दर शहरास दर वर्षीं 100 कोटी. तितकीच रक्कम राज्यानें व नगरसंस्थेनें मिळून उभी करावी, असा करार होता.

‘स्मार्ट’ शहर म्हणजे काय, ह्याची सर्वमान्य व्याख्या नाहीं, असें योजनेच्या मार्गदर्शक सूचनांतच मोकळेपणानें म्हटलें होतें. तथापि मूलभूत सोयींची एक यादी तेथें दिली होती, आणि तींत पहिलें नांव पुरेशा पाण्याचें होतें. त्यामागून वीज, स्वच्छता, वाहतूक, गरिबांस परवडणारीं घरें, संगणकाचें जाळें इत्यादि. आमच्या भगिनीवर्गास विचारलें असतें, तर ह्याहून निराळा क्रम त्यांनीं लावला असता असें वाटत नाहीं.

निवड मात्र चढाओढीनें व्हावयाची होती. महाराष्ट्राच्या वांट्यास दहा नांवें आलीं. 2016 च्या जानेवारींत पहिलीं वीस शहरें जाहीर झालीं. त्यांत महाराष्ट्रांतून पुणें आणि सोलापूर हीं दोन होतीं. त्याच वर्षाच्या सप्टेंबरांत नागपूर, नाशिक, ठाणें, कल्याण-डोंबिवली व औरंगाबाद हीं आणखी पांच शहरें निवडलीं गेलीं. आणि 2017 च्या जूनांत पिंपरी-चिंचवडचा समावेश झाला. नवी मुंबईच्या महासभेनें प्रारंभींच नकार दिला होता. ह्या अभियानांत कारभार एका स्वतंत्र कंपनीच्या हातीं द्यावा लागे, आणि लोकांनीं निवडून दिलेल्या सभेच्या अधिकाराचें मग काय, हा त्या वेळचा वादाचा मुद्दा होता. तो अगदींच निराधार होता असें म्हणतां येणार नाहीं.

मराठवाड्यांतून शेवटपर्यंत एकच शहर ह्या यादींत राहिलें: औरंगाबाद, म्हणजे आजचें छत्रपती संभाजीनगर. नांदेड नाहीं, लातूर नाहीं; मग भोकरची कथा ती काय? अनेकवार मुदत वाढवून हें अभियान 2025 च्या मार्च अखेरीस संपलें. सबंध देशांत आठ हजारांहून अधिक कामें, सुमारें 1 लाख 64 हजार कोटी रुपये किंमतीचीं, त्याखालीं घेतलीं गेलीं.

शिष्यवृत्ति आणि सदावर्त

निवडीची पहिली चाळणी राज्यांतल्या राज्यांत होती. तींत गुण कशास होते, तें पाहण्यासारखें आहे. 2011 च्या खानेसुमारीनंतर घरोघरच्या शौचकूपांत किती वाढ झाली. नगरसंस्थेच्या नोकरांस गेल्या महिन्यापर्यंतचा पगार पोंचला आहे कीं नाहीं. जमाखर्चाची तपासणी पुरी झाली आहे कीं नाहीं. पाणीपुरवठ्याचा चालू खर्च पाणीपट्टींतून किती निघतो. मागील अभियानांतील कामें तडीस नेलीं आहेत काय. लोकांच्या तक्रारी संगणकाद्वारें नोंदवून घेण्याची व्यवस्था आहे काय. असे हे निकष होते.

निकष म्हणून हे उत्तमच म्हटले पाहिजेत. ज्या घरांत नोकराचा पगार थकलेला आहे व वाण्याची वही मिटलेली नाहीं, त्या घरास नवी माडी बांधण्यास कर्ज कोण देईल? परंतु येथें एक भेद ध्यानांत घ्यावा लागतो. शिष्यवृत्ति हुषार विद्यार्थ्यास द्यावी, हें रास्तच. पण सदावर्तांत अन्न वाढतांना कोणी परीक्षा घेत नाहीं, तेथें भूक हीच पात्रता. ह्या योजनेंत शिष्यवृत्ति आणि सदावर्त हीं दोन्ही एकाच पंगतीस बसविलीं गेलीं. रस्त्यांवर कॅमेरे बसविणें, दिव्यांचे खांब संगणकानें चालविणें, ह्या गोष्टी बक्षीस म्हणून देण्यास हरकत नाहीं. पिण्याचें पाणी ही बक्षिसाची वस्तु होऊं शकत नाहीं.

ह्या भेदाचें दुःखद प्रत्यंतर त्याच वर्षीं आलें. 2016 च्या जानेवारींत पुण्याची निवड झाली. त्या शहरानें औंध-बाणेर-बालेवाडी हा भाग आदर्श सुधारणेसाठीं निवडला. आणि जूनच्या 25 तारखेस खुद्द पंतप्रधानांच्या हस्तें तेथें कामांचा आरंभ झाला. ह्या दोन तारखांच्या मधल्या उन्हाळ्यांत लातुरास पिण्याचें पाणी आगगाडीनें न्यावें लागलें. मांजरा नदीवरील धनेगांवचें धरण कोरडें पडलें होतें. पाण्याच्या टांक्यांभोवतीं दंगे होऊं नयेत म्हणून जिल्हाधिकाऱ्यांस जमावबंदीचा हुकूम काढावा लागला होता. एप्रिल महिन्यांत मिरजेहून दहा वाघिणींची पहिली गाडी पांच लाख लिटर पाणी घेऊन साडेतीनशें किलोमीटरांचा प्रवास करून लातुरास पोंचली. पुढें पन्नास वाघिणींच्या गाड्या आल्या, व एका खेपेस पंचवीस लाख लिटर पाणी येऊं लागलें. सुमारें चार लाख वस्तीच्या शहराची ही अवस्था. एकाच राज्यांत, एकाच वर्षीं घडलेल्या ह्या दोन गोष्टी शेजारीं ठेवून पाहिल्या म्हणजे निधीची वांटणी कोणत्या तत्त्वावर व्हावी, हा प्रश्न केवळ पंडितांचा राहत नाहीं.

राजधानी आणि जिल्हे

मराठवाड्यास हा अनुभव नवा नाहीं. 1948 च्या सप्टेंबरच्या 17 तारखेपर्यंत हा प्रदेश निजामाच्या हैदराबाद संस्थानांत होता. 1908 सालीं मुसी नदीस महापूर येऊन हैदराबाद शहराची दैना उडाली. त्यानंतर विश्वेश्वरय्यांसारख्या थोर स्थापत्यज्ञाचा सल्ला घेतला गेला. 1912 सालीं शहरसुधारणेचें स्वतंत्र मंडळ स्थापन झालें, आणि पुढें उस्मानसागर व हिमायतसागर हे दोन मोठे तलाव बांधण्यांत आले. हें काम त्या काळीं कोणत्याही शहरास भूषणावह होतें, ह्यांत शंका नाहीं. परंतु संस्थानचा वसूल जिल्ह्यांतून येई, आणि असा थाट राजधानींतच दिसे.

महाराष्ट्रांत येतांना 1953 च्या नागपूर करारांत मराठवाड्याच्या न्याय्य वांट्याचें वचन दिलें गेलें. पुढें घटनेच्या 371 व्या कलमान्वयें 1994 सालीं मराठवाड्यासाठीं वैधानिक विकास मंडळ स्थापन झालें. त्याची मुदत 2020 च्या एप्रिल अखेरीस संपली. राजकीय वजनाच्या दृष्टीनें पाहिलें तर नांदेड-लातूर ह्या पट्ट्यानें राज्यास एकाहून अधिक मुख्यमंत्री दिले. 2009 सालीं अशोक चव्हाण मुख्यमंत्रिपदावर असतांनाच भोकर मतदारसंघांतून विधानसभेवर निवडून आले. मोठ्या पुढाऱ्याचा मतदारसंघ असणें ही गांवाच्या दृष्टीनें सोय खरीच. पण मर्जी ही वळवाच्या सरीसारखी असते. तिच्या भरंवशावर बागाईत करतां येत नाहीं. वांटा म्हणून ठरलेला पाटच शेवटीं उपयोगीं पडतो.

लग्नघरची रंगसफेती

मराठवाड्यांतील एका शहरानें असा मोठा निधि प्रत्यक्ष उपभोगला आहे. तें शहर भोकरच्या अगदीं शेजारचें, नांदेड. स्मार्ट सिटी अभियानाच्या दहा वर्षें आधीं, 2005 च्या डिसेंबर महिन्यांत, जवाहरलाल नेहरू नागरी पुनरुत्थान अभियान सुरू झालें होतें. महाराष्ट्रांतून त्यांत मुंबई, पुणें, नागपूर, नाशिक आणि नांदेड हीं पांच शहरें होतीं. पहिलीं चार प्रचंड. आणि पांचवें 2011 च्या खानेसुमारीप्रमाणें साडेपांच लाख वस्तीचें. नांदेडचा समावेश होण्यास कारण तसेंच पवित्र होतें. 1708 सालीं श्रीगुरु गोविंदसिंहजींनीं नांदेड येथें गुरुपद ग्रंथसाहेबांच्या ठायीं स्थापिलें व तेथेंच देह ठेविला. त्या घटनेस 2008 सालीं तीनशें वर्षें पूर्ण होत होतीं, आणि देशोदेशींचे यात्रेकरू गोदावरीतीरीं येणार होते.

घरांत लग्न निघालें म्हणजे पंधरा वर्षें रखडलेली रंगसफेती पंधरा दिवसांत होते. नांदेडांतही तसेंच झालें. तिथि ठरलेली होती. ती पुढें ढकलतां येण्यासारखी नव्हती. रस्ते रुंद झाले, नदीस घाट झाले, पूल झाले, पाण्याचीं व मलनिःसारणाचीं कामें निघालीं, गरिबांसाठीं घरें बांधण्यास घेतलीं, विमानतळाचें नूतनीकरण झालें. दहा लाखांहून कमी वस्तीच्या शहरांसाठीं ह्या अभियानांत खर्चाची विभागणी अशी होती: दर 100 रुपयांत 80 केंद्राचे, 10 राज्याचे आणि 10 नगरसंस्थेचे. इतक्या सवलतीनें घर बांधून मिळाल्यावर कोण नको म्हणेल?

परंतु त्या करारांत आणखी एक कलम होतें, आणि समारंभाच्या गर्दींत सामान्य नागरिकाचें तिकडे फारसें लक्ष जात नाहीं. नगरसंस्थेनें जमाखर्च दुहेरी नोंदीनें ठेवावा, मालमत्ताकराची आकारणी सुधारावी, आणि पाण्यासारख्या सोयींचा चालविण्याचा व दुरुस्तीचा खर्च त्या सोयींच्या पट्टींतून भरून काढावा, असें तें कलम होतें. म्हणजे बांधून देणार केंद्र, आणि सांभाळणार तुम्ही. मलनिःसारणाची नळी जमिनींत गेली कीं फोटो निघतो. पण ती दरवर्षीं उपसावी लागते, तिचीं झांकणें बदलावीं लागतात, पंप चालविणाऱ्या माणसास पगार द्यावा लागतो. त्या खर्चाचें अनुदान कोणत्याही समारंभांत जाहीर होत नाहीं. आणि भोकरास तर तीनशें वर्षांच्या पुण्यतिथीचा असा योगही नाहीं. त्याच्या दारीं लग्न नाहीं. रोजचा संसार मात्र आहे.

नहर कशानें चालली?

सांभाळण्याचें महत्त्व पटवून देणारें सर्वांत मोठें उदाहरण आपल्या प्रांतांतच आहे. सतराव्या शतकाच्या आरंभीं मलिक अंबरानें खडकी, म्हणजे पुढचें औरंगाबाद, वसविलें, व डोंगरांतील पाणी भूमिगत नहरींनीं शहरांत आणिलें. ना विजेचा पंप, ना लोखंडी नळ. केवळ उताराच्या अचूक हिशेबानें पाणी घरोघर व हौदोहौदीं खेळविलें गेलें. त्या काळाच्या मानानें ह्याहून ‘स्मार्ट’ काय असूं शकेल? ती नहर शतकानुशतकें शहरास पाणी देत राहिली. तिची साफसफाई होत असेपर्यंत ती वाहिली; वस्ती तिच्या माथ्यावर चढली व मोऱ्या बुजल्या, तेव्हां ती आटत गेली.

तेंच शहर चारशें वर्षांनीं स्मार्ट सिटीच्या यादींत आलें. शहर बससेवा सुरू झाली, रस्त्यांवर कॅमेरे बसले, त्यांवर देखरेख ठेवणारें केंद्र उभें राहिलें. ह्या सोयी उपयुक्त आहेत, आणि 2020 च्या साथींत अशा केंद्रांचा अनेक शहरांस उपयोग झाला, हें मान्य केलें पाहिजे. पण पैठणच्या जायकवाडी जलाशयाच्या इतक्या जवळ असूनही त्या शहरांत नळास कित्येक दिवसांआड पाणी येत होतें. आणि 1,680 कोटींच्या नव्या पाणीयोजनेचें भूमिपूजन 2020 च्या डिसेंबरांत स्वतंत्रपणें करावें लागलें. सोयींच्या यादींत पाणी पहिलें होतें, पण कामाच्या ओघांत तें मागें पडलें. दिवाणखान्यास रंग लागला, आणि माजघरांतली घागर रिकामीच राहिली, असा हा प्रकार.

भोकरच्या दारीं काय येतें?

आतां मूळ प्रश्नाकडे वळूं. भोकरसारख्या लाखाहून पुष्कळ कमी वस्तीच्या गांवाचें नांव ना नेहरू अभियानाच्या यादींत आलें, ना स्मार्ट शहरांच्या, ना 2015 च्या ‘अमृत’ योजनेच्या. कारण त्या शेवटच्या योजनेची मर्यादाच लाखाच्या वर होती. परंतु 2021 च्या ऑक्टोबरांत ‘अमृत’चा दुसरा टप्पा सुरू झाला, आणि तो मात्र पाणीपुरवठ्यासाठीं लहानमोठ्या सर्वच नगरांस खुला झाला. लाखाच्या आंतील वस्तीच्या गांवास त्यांत केंद्राकडून निम्मा खर्च मिळण्याची तरतूद होती. दहा लाखांवरील शहरास मात्र चौथाईच. धोरण योग्य दिशेस वळल्याचें हें चिन्ह आहे, व त्याचें स्वागत केलें पाहिजे.

दुसरी वाट वित्त आयोगाची. 15 व्या वित्त आयोगानें 2021 ते 2026 ह्या पांच वर्षांसाठीं नागरी संस्थांकरितां 1,21,055 कोटी रुपयांची शिफारस केली. लहान शहरांस मिळणाऱ्या रकमेंतील साठ टक्के भाग पाणी व स्वच्छता ह्यांसाठींच राखून ठेवला होता. बाकी चाळीस टक्के गांवाच्या गरजेप्रमाणें वापरावयाचे. त्यासही अटी होत्याच: हिशेब तपासून लोकांस पाहण्यास खुले ठेवा, आणि मालमत्ताकराचे किमान दर ठरवा.

आतां हा पैसा पाणी होऊन घरीं कसा येतो, तें पाहूं. जलाशयाच्या कांठीं विहीर, तींतून पंपानें उपसा, मग शुद्धीकरणाचें केंद्र, तेथें तुरटी व जंतुनाशक भुकटी, मग उंच टांकी, तेथून गल्लोगल्लींच्या नळ्या, आणि प्रत्येक चौकांत झडप उघडणारा माणूस. विहीर, यंत्रें, टांकी, नळ्या हा खर्च एकदाचा. तो योजनेंतून होतो. विजेचें बिल, तुरटी, भुकटी, झडपवाल्याचा पगार, फुटलेल्या नळीची दुरुस्ती, हा खर्च रोजचा. तो घरपट्टी व पाणीपट्टींतून निघाला पाहिजे. पट्टी थकली कीं विजेचें बिल थकतें. बिल थकलें कीं पंप थांबतो. आणि कोट्यवधींची योजना जागच्या जागीं उभी असतां बायामाणसें टँकरची वाट पाहतात. टँकरचें पाणी विकत घेण्यांत घराचे जे पैसे जातात, ते पाणीपट्टीहून पुष्कळ अधिक असतात. ही साखळी ध्यानांत आली म्हणजे अनुदान मिळणें आणि सुधारणा होणें ह्या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हें उमजतें.

येथें लहान गांवाची एक खरी अडचण सांगितली पाहिजे. पुण्यांतील एका मोठ्या इमारतीची घरपट्टी जितकी, तितकी लहान गांवांतील एखाद्या सबंध गल्लीची भरणार नाहीं. घरें साधीं, भाडीं अल्प, दुकानें लहान. राज्यांतील नगरपरिषदांची जुनी जकातही 1999 सालीं उठली, व तिच्या जागीं सरकारी अनुदान आलें. म्हणजे स्वतःच्या उत्पन्नाचा एक पाय सरकारच्या हातांत गेला. अशा स्थितींत ‘तुमचें तुम्ही सांभाळा’ एवढें सांगून राज्यास मोकळें होतां येणार नाहीं. 74 व्या घटनादुरुस्तीनें, जी 1993 च्या जूनांत अमलांत आली, नागरी संस्थांस अठरा विषयांचा अधिकार सांगितला, आणि त्यांच्या उत्पन्नाचा विचार करण्यास राज्य वित्त आयोगाची योजना केली. काम सोंपविलें तितका वांटाही सोंपविला पाहिजे. तो नियमानें, दरवर्षीं, मागण्यासाठीं मुंबईस खेपा न घालतां मिळावा. एखाद्या वर्षीं दहा कोटी आणि पुढें चार वर्षें कांहींच नाहीं, ह्यापेक्षां दरवर्षीं दोन कोटी ठरलेले असणें कोणत्याही संसारास अधिक हितकर होय.

बक्षिसावांचून परीक्षा

ह्याची दुसरी बाजू गांवाची. वर सांगितलेले ते निकष पुन्हा एकदां वाचून पाहावे. नोकरांचा पगार वेळेवर, हिशेबाची तपासणी वेळेवर, पाणीपट्टींतून पाण्याचा खर्च, हातीं घेतलेलें काम तडीस, तक्रारीची नोंद. ह्यांपैकीं एकाही गोष्टीस शंभर कोटी लागत नाहींत. अभियान संपलें, बक्षीसें वांटून झालीं; पण परीक्षेची प्रश्नपत्रिका अजून जगांत आहे, आणि भोकरानें ती बक्षिसाच्या आशेवांचूनही सोडवावी. ज्या गांवाची वही स्वच्छ आहे त्याचा अर्ज पुढच्या योजनेंत वर राहतो, हा लाभ गौण. मुख्य लाभ हा कीं मिळालेली टांकी गळत नाहीं.

आणि येथें आमच्या वाचकवर्गाकडे बोट दाखविल्यावांचून आम्हांस राहवत नाहीं. शिकलेल्या कुटुंबांची एक खोड आहे. नगरपरिषदेविषयीं ओसरीवर बसून आपण जितकें बोलतों, त्याच्या शतांशही तिच्या कचेरींत जाऊन विचारीत नाहीं. एके काळीं महात्मा जोतीराव फुले पुणें नगरपालिकेचे सभासद होते, आणि नामदार गोखल्यांनीं तिचें अध्यक्षपद भूषविलें. मोऱ्या, दिवे, पाणी हे विषय त्या थोरांनीं आपल्या विद्वत्तेस कमीपणा आणणारे मानले नाहींत. आज मात्र सुशिक्षित घरचा मुलगा शहरांत जातो, आणि म्हातारीं माणसें ‘आतां आपलें काय राहिलें’ म्हणून स्वस्थ बसतात.

करण्यासारखें पुष्कळ आहे, आणि तें घरबसल्याही करतां येतें. नगरपरिषदेचा अर्थसंकल्प दरवर्षीं मंजूर होतो; तो मागवून घरांतल्या जाणत्यांनीं एक संध्याकाळ एकत्र बसून वाचावा. घरचा जमाखर्च ठेवणाऱ्या सासूबाईंस त्यांतलें मर्म समजण्यास वेळ लागणार नाहीं: पाण्यावर किती खर्च, पट्टी किती आली, थकबाकी किती, विजेचें देणें किती. 2005 च्या माहितीच्या अधिकाराच्या कायद्यानें असे कागद मागण्याचा हक्क प्रत्येकास दिला आहे, आणि पुष्कळ माहिती तर न मागतां प्रसिद्ध करण्याचें बंधन संस्थेवर आहे. घरावर नवी खोली चढविली असेल तर तिची नोंद करून घ्यावी. आकारणी चुकीची वाटली तर हरकत नोंदवावी, पण पट्टी थकवूं नये. नळास मीटर बसविण्याची गोष्ट निघाली तर आपणच प्रथम विरोधास उभे राहूं नये. अंगणांतील तोटी रात्रभर वाहते तें पाणीही कोणीतरी विजेनें उपसलेलें असतें, आणि तें वरच्या आळींतल्या शेवटच्या घरीं पोंचलेलें नसतें.

त्या शेवटच्या घराचा विचार विशेष महत्त्वाचा आहे. नळीच्या टोंकास बहुधा गरिबांची वस्ती असते. गांवाच्या मोऱ्या उपसणारा, कचऱ्याची गाडी ओढणारा तेथेंच राहतो. ज्याच्या श्रमावर सबंध गांवाचें आरोग्य उभें, त्याचा पगार तीन तीन महिने तुंबावा आणि त्याच्याच दारीं नळ कोरडा असावा, हें कोणत्याही सुसंस्कृत समाजास शोभणारें नाहीं. गांव शहाणें झालें कीं नाहीं ह्याची आमच्या मतें एकच खरी खूण आहे: टोंकाच्या घरास ठरल्या दिवशीं ठरल्या वेळीं पाणी येतें काय, आणि झाडूवाल्यास महिन्याच्या पहिल्या आठवड्यांत पगार मिळतो काय. ह्या दोहोंचें उत्तर ‘होय’ असेल, तर चौकांत रंगीत दिवे नसले तरी चालेल.

महाराष्ट्रांतील बहुसंख्य नगरपरिषदांचा कारभार कांहीं वर्षें प्रशासकांच्या हातीं होता, व त्यांच्या निवडणुका 2025 च्या डिसेंबरांत झाल्या. सभा पुन्हा भरूं लागल्या आहेत. निवडून आलेल्यांस प्रश्न विचारण्याची संधि पुन्हा आली आहे. मागणीही नेमकी करावी. ‘आमचें गांव स्मार्ट करा’ ही मागणी ऐकण्यास गोड, पण पोकळ. ‘पाणी दिवसाआड कां, आणि रोज येण्यास किती खर्च येईल, तो कोणी किती सोसावा?’ हा प्रश्न रोकडा आहे. त्याचें उत्तर आंकड्यांतच द्यावें लागतें.

सरकारी अनुदान हा दूर असलेल्या कर्त्या मुलाचा हातभार आहे. तो मागण्यांत लाज नाहीं, कारण त्या मुलाच्या कमाईंत ह्या घरचाही घाम आहे. मराठवाड्यानें तर आपला वांटा पुष्कळ काळ वाट पाहून मागितला आहे. तो हक्कानें मागावा, वेळेवर मागावा, आणि आला म्हणजे पैपैचा हिशेब ठेवावा. पण चूल त्या हातभारावर पेटत नसते. भोकरच्या रहिवाशांनीं पुढची योजना येईपर्यंत थांबण्याचें कारण नाहीं. ह्या वर्षाची घरपट्टी, ह्या वर्षाचा अर्थसंकल्प आणि आपल्याच गल्लीची गळकी झडप, एवढ्या तीन गोष्टींपासून आरंभ करतां येतो, आणि तो उद्यां सकाळीं करतां येतो.